घरपोच किराण्याचा खर्च बिलावर दिसू द्या

मा. संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

दहा मिनिटांत घरपोच मिळणाऱ्या किराण्याबद्दल गेले काही महिने वृत्तपत्रांतून बरेच लिहून आले. त्यातला बहुतेक भर दुचाकीवरून माल पोहोचवणाऱ्या मुलांच्या सुरक्षिततेवर होता आणि तो योग्यच होता. जानेवारी २०२६ मध्ये केंद्रीय कामगार मंत्र्यांनी कंपन्यांना सांगितल्यावर ब्लिंकिटने दहा मिनिटांची जाहिरात मागे घेतली आणि तिथे विषय संपल्यासारखा झाला. वास्तविक जाहिरातीतला आकडा पुसला गेला, तरी गल्लोगल्ली उघडलेली डार्क स्टोअर्स, म्हणजे ग्राहकाला आत न घेता फक्त ऑनलाइन मागण्या पुरवणारी छोटी गोदामे, आहेत तिथेच आहेत. त्यांचे भाडे, तिथे माल काढून देणाऱ्यांचे पगार आणि प्रत्येक पिशवीमागे होणारी दुचाकीची फेरी यांत काडीचाही फरक पडलेला नाही. हा खर्च किती येतो आणि शेवटी कोणाच्या खिशातून जातो, हा प्रश्न मात्र चर्चेत जवळजवळ आलाच नाही. पुणे जिल्ह्यात किराणा आणि ग्राहकोपयोगी मालाच्या वितरणात नोकरीची बहुतेक वर्षे गेल्यामुळे त्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. घरपोच सेवेला माझा विरोध नाही. तिचा खर्च मागणी नोंदवण्यापूर्वीच ग्राहकाला स्वतंत्रपणे दिसावा आणि जो थांबायला किंवा शेजाऱ्यांबरोबर एकत्र माल मागवायला तयार आहे त्याला त्या बचतीतला वाटा मिळावा, एवढीच माझी मागणी आहे.

नारायणगावच्या बाजारातून टोमॅटो पुण्यात येतो ते अंतर साधारण पाऊणशे किलोमीटर आहे. क्रेटने गच्च भरलेली पिकअप असेल, तर गाडीभाडे, डिझेल, टोल आणि हमाली धरूनही तो खर्च किलोमागे दोन-तीन रुपयांच्या आसपास राहतो. शहराबाहेरच्या मोठ्या गोदामातून तो माल उपनगरातल्या डार्क स्टोअरपर्यंत जातो तेव्हाही गाडी भरलेलीच असते, त्यामुळे किलोमागे आणखी थोडी भर पडते इतकेच. तिथून पुढचे दीड-दोन किलोमीटर मात्र एक माणूस, एक दुचाकी आणि एक पिशवी असा प्रवास होतो. पिशवीत अर्धा किलो टोमॅटो आणि दुधाची एक पिशवी असली काय किंवा आठ किलो सामान असले काय, फेरीचा खर्च जवळपास तेवढाच येतो. हा शेवटचा टप्पा वजनावर चालत नाही, मागणीच्या संख्येवर चालतो, आणि ऑनलाइन किराण्याचे सगळे अर्थकारण या एका गोष्टीभोवती फिरते. राष्ट्रीय लॉजिस्टिक्स (मालाची वाहतूक आणि साठवणूक) धोरण सप्टेंबर २०२२ मध्ये जाहीर झाले. देशाचा लॉजिस्टिक्स खर्च २०२३-२४ मध्ये सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ७.९७ टक्के होता, असा सरकारी अंदाजही २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. महामार्ग, मालवाहतुकीचे स्वतंत्र रेल्वेमार्ग आणि मोठी गोदामे यांमुळे तो आणखी उतरेल, याबद्दल शंका नाही. परंतु समृद्धी महामार्ग कितीही झाला, तरी बाणेरच्या डार्क स्टोअरपासून चौथ्या मजल्यावरच्या दारापर्यंतचा खर्च त्याने एक रुपयानेही कमी होत नाही.

किराण्याच्या धंद्यात नफ्याचे प्रमाण किती बारीक असते, हे वाण्याला आणि त्याला माल देणाऱ्याला सांगावे लागत नाही. डीमार्टसारखी काटकसरीसाठी ओळखली जाणारी कंपनीसुद्धा खरेदी आणि विक्रीच्या किमतीतल्या फरकातून साधारण पंधरा टक्केच मिळवते, आणि त्यातून पगार, वीज, दुकानाचा खर्च भागवते. तिथे ग्राहक स्वतः येतो, फळीवरचा माल स्वतः काढतो आणि स्वतःच्या गाडीतून घरी नेतो. ऑनलाइन विक्रीत ही तिन्ही कामे विक्रेत्याच्या अंगावर येतात. उदाहरणादाखल असे धरू की तीनशे रुपयांच्या मागणीवर अठरा टक्के, म्हणजे चोपन्न रुपये सुटतात. पोहोचवणाऱ्या मुलाच्या फेरीचे चाळीस, माल काढून पिशवी भरणाऱ्याचे आणि पिशवीचे पंधरा, डार्क स्टोअरचे भाडे, शीतकपाटांची वीज आणि फळभाजीतली घट यांचे निदान पंधरा, असे सत्तर रुपये जातात. म्हणजे माल विकून सोळा रुपये पदरचे घातले. तोच ग्राहक एका वेळी बाराशेचा माल घेईल, तर सुटतात दोनशे सोळा आणि खर्च होतो फार तर ऐंशी-नव्वद. मालाचा भाव, माणसे आणि रस्ता तेच असताना निव्वळ मागणीचा आकार बदलल्याने तोट्याचा व्यवहार फायद्यात येतो. हे आकडे माझे, ठोकळ अंदाजाचे आहेत. कंपनीगणिक, शहरागणिक ते बदलतील, पण त्यांचा कल बदलणार नाही.

म्हणूनच या कंपन्यांचे धोरण बाहेरून कितीही चमकदार दिसले, तरी आतून ते मागणीची रक्कम वाढवण्याचे आणि फेरीचे अंतर घटवण्याचे धोरण आहे. मार्च २०२५ अखेरच्या तिमाहीत ब्लिंकिटच्या सरासरी मागणीची रक्कम साडेसहाशे रुपयांच्या वर होती आणि तीही छापील किमतीने मोजलेली, म्हणजे ग्राहकाने प्रत्यक्षात मोजलेले पैसे त्याहून कमीच. त्याच सुमारास त्यांच्या डार्क स्टोअर्सची संख्या तेराशेवर गेली होती. स्टोअर जितके दाट, तितकी फेरी आखूड आणि तितक्याच वेळात त्याच मुलाकडून फेऱ्या जास्त. दहा मिनिटांचे रहस्य दुचाकीच्या वेगापेक्षा या दाटीत अधिक आहे. मग किराण्याच्या शेजारी चार्जर, खेळणी, सौंदर्यप्रसाधने, इतकेच काय मोबाइल फोनही येऊन बसले, कारण डाळ-तांदळाच्या नफ्यात फेरी बसत नाही, त्या वस्तूंच्या नफ्यात बसते. अ‍ॅपवर कोणते बिस्कीट वर दिसावे यासाठी उत्पादक कंपन्या जाहिरातीचे पैसे मोजतात, ते वेगळेच. आणि तरीही खड्डा भरला नाही, तर बिलाच्या तळाशी ‘हँडलिंग’, ‘छोटी मागणी’, ‘पाऊस’, ‘गर्दीची वेळ’ अशा नावांनी आकारणी सुरू होते. २०२४ मध्ये ब्लिंकिटने भाजीबरोबर कोथिंबीर मोफत द्यायला सुरुवात केली, तेव्हा समाजमाध्यमांवर फार कौतुक झाले. मंडईतली भाजीवाली मावशी कोथिंबिरीच्या चार काड्या पिशवीत टाकते ते तिच्या मर्जीने; अ‍ॅपवरची जुडी मात्र कोणीतरी मोजून, कोणत्या तरी खात्यात खर्ची टाकलेली असते.

हा प्रश्न आपल्याकडे आज उपटलेला नाही आणि निव्वळ भारतातलाही नाही. अमेरिकेत १९९६ मध्ये स्थापन झालेल्या वेबव्हॅन या कंपनीने १९९९ मध्ये सॅन फ्रान्सिस्को परिसरात घरपोच किराणा सुरू केला. ग्राहकाने निवडलेल्या अर्ध्या तासात माल पोहोचवण्याची हमी होती. देशभर २६ महाकाय यांत्रिक गोदामे उभारण्यासाठी बेक्टेल या बांधकाम कंपनीशी शंभर कोटी डॉलरचा करारही तिने केला. गोदामे भरतील इतक्या मागण्या मात्र आल्या नाहीत, अर्ध्या तासाच्या हमीमुळे गाड्या अर्धवट भरून धावत राहिल्या आणि जुलै २००१ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. याच सुमारास ब्रिटनमध्ये टेस्को या साखळी दुकानांच्या कंपनीने निराळी वाट धरली: नवे गोदाम न बांधता आपल्याच दुकानातल्या फळ्यांवरून माल काढायचा, गाडीत भरायचा आणि ठरलेल्या वेळेला पोहोचवायचा. दिसायला हे गावठी, पण मागणी वाढेपर्यंत भांडवल अडकून पडत नाही. २००० मध्ये तिथेच स्थापन झालेल्या ओकाडो या ऑनलाइन किराणा कंपनीने यंत्रमानवांच्या गोदामांचा रस्ता चिकाटीने चालवला आणि त्याची तंत्रविद्या इतर देशांतल्या साखळी दुकानांना विकली. तिचा मोठा अमेरिकन ग्राहक असलेल्या क्रोगरने २०१८ मध्ये अशा वीसपर्यंत गोदामांचा संकल्प सोडला होता आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्यांतली तीन बंद करत असल्याचे जाहीर केले. पंचवीस वर्षांत यंत्रे कितीतरी शहाणी झाली, पण विरळ वस्तीत एकेका घरी गाडी नेण्याचा खर्च त्यांना आटोक्यात आणता आलेला नाही.

मुंबईकरांना लोकलबनिया आठवत असेल. २०१२ मध्ये सुरू झालेली ही घरपोच किराणा सेवा २०१५ मध्ये बंद पडली. गुरुग्रामच्या पेपरटॅपने, भरमसाट सवलती देऊन मागण्या वाढवल्यावर, २०१६ मध्ये गाशा गुंडाळला. त्या काळात टिकलेल्यांपैकी एक बिग बास्केट, आणि ती टिकण्यामागे एक कारण असे की तिने ग्राहकाला वेळेचे टप्पे निवडायला लावले. सकाळी सात ते दहा किंवा संध्याकाळी सहा ते नऊ असा टप्पा असला, की एका भागातल्या वीस-पंचवीस मागण्या एका टेम्पोत एकत्र घालता येतात. डीमार्टने २०१६ च्या अखेरीस मुंबईत ‘डीमार्ट रेडी’ सुरू केले तेव्हा याच्याही पुढे जाऊन ग्राहकाला जवळच्या छोट्या केंद्रावर येऊन सामान न्यायला सांगितले. घरी हवे असेल, तर वेगळे पैसे. फ्रान्समध्ये ऑनलाइन किराण्याचा मोठा हिस्सा आजही अशाच केंद्रांवरून, ग्राहकाच्या मोटारीच्या डिकीत जातो. आपल्याकडे मोटारी कमी, गर्दी अधिक आणि घरपोच मिळण्याची सवय जुनी, त्यामुळे ते रूप जसेच्या तसे रुजले नाही आणि डीमार्टलाही पुढे घरपोच सेवेकडे अधिक झुकावे लागले. पण त्यामागचा हिशेब चुकीचा नव्हता. शेवटच्या टप्प्याची किंमत वेगळी दाखवली, की काही ग्राहक तो टप्पा स्वतः चालतात.

मग दुचाकीवरची ही झटपट सेवा आपल्याकडेच एवढी का फोफावली? युरोपात हाच प्रयोग मोठ्या धडाक्याने झाला होता. जर्मनीची गोरिलाज डिसेंबर २०२२ मध्ये तुर्कस्तानच्या गेटीरने घेतली आणि एप्रिल २०२४ मध्ये गेटीरने युरोप आणि अमेरिका दोन्हींतून माघार घेतली. ॲमस्टरडॅम आणि रॉटरडॅम या शहरांनी तर २०२२ च्या सुरुवातीलाच नव्या डार्क स्टोअर्सना स्थगिती दिली होती. तिथे तासाचे वेतन आपल्या कितीतरी पट आहे, वस्ती आपल्याइतकी दाट नाही आणि रस्त्यावरच्या गोंगाटाबद्दल रहिवासी गप्प बसत नाहीत. आपल्याकडे फेरी परवडते याचे मोठे कारण ती करणाऱ्याचे श्रम स्वस्त आहेत, हे आहे. त्याला फेरीमागे पैसे मिळतात. मागणी नसताना स्टोअरच्या दाराशी उभा असलेला वेळ, पेट्रोल, गाडीची झीज आणि अपघाताची जोखीम बऱ्याच अंशी त्याच्याच हिशेबात जाते. म्हणजे आपण ज्याला कार्यक्षमता म्हणतो, तिचा एक भाग हा निव्वळ खर्च दुसऱ्याच्या खात्यावर लिहिण्याचा प्रकार आहे. सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली असून तिच्यानुसार या कंपन्यांना आपल्या वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के, पण कामगारांना दिलेल्या रकमेच्या पाच टक्क्यांपर्यंत, इतका वाटा सामाजिक सुरक्षा निधीत भरायचा आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून अ‍ॅपद्वारे होणाऱ्या स्थानिक घरपोच सेवेवर अठरा टक्के जीएसटीची जबाबदारीही कंपन्यांवर आली आहे. फेरीची खरी किंमत यापुढे वाढतच जाणार आणि ती वाढायला हवी.

माझ्या मते मुळातली गफलत अशी की आपण दोन वेगळ्या प्रकारच्या खरेद्या एकाच यंत्रणेत कोंबल्या आहेत. तांदूळ, गहू, तेलाचा डबा, साखर, डाळी, कपडे धुण्याची पावडर हा जड, टिकाऊ आणि दर महिन्याला ठरावीक प्रमाणात लागणारा माल आहे. त्याची घाई कोणत्याच घरात नसते. तो आज आला काय किंवा परवा आला काय, स्वयंपाक अडत नाही. दुसरीकडे अचानक संपलेले दूध, तापात लागणारी इलेक्ट्रॉलची पुडी, बाळाचे डायपर, पाहुणे दारात असताना हवी असलेली ब्रेडची लादी, यांना खरोखर घाई असते आणि त्यासाठी कोणी पन्नास रुपये जास्त मोजले तर त्यात वावगे काही नाही. पूर्वी मध्यमवर्गीय घरात महिन्याची यादी पहिल्या आठवड्यात वाण्याकडे जाई आणि मधल्या दिवसांत किरकोळ वस्तूसाठी घरातले पोर पिटाळले जाई; दोन्ही प्रवाह आपोआप वेगळे राहत. अ‍ॅपने ही यादी मोडून टाकली. आता पाच किलो आटा मंगळवारी, तेल गुरुवारी, तूरडाळ शनिवारी अशा सुट्या मागण्या होतात आणि ज्या सामानाला महिन्यात एकच फेरी पुरली असती, त्याच्यासाठी दहा फेऱ्या पडतात. मोफत घरपोच मिळण्यासाठी अमुक रकमेची अट घातलेली असते. तिच्यामुळे ग्राहक यादी करत नाही, तर नको असलेले चिप्सचे पाकीट टाकून रक्कम भरतो. खर्चाचा इशारा चुकीच्या ठिकाणी दिला, की असे होते.

या बाबतीत महाराष्ट्राकडे स्वतःचा, पन्नास वर्षांचा अनुभव आहे आणि त्याची आठवण या चर्चेत कोणीच कशी काढत नाही, याचे मला नवल वाटते. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने शेजारच्या कुटुंबांचे संघ बांधले. प्रत्येक कुटुंब आपल्या महिन्याच्या गरजेची नोंद आगाऊ देते, पंचायत सगळ्यांची मागणी एकत्र करून घाऊक खरेदी करते आणि संघाचे सामान एका ठरलेल्या घरी उतरवले जाते. तिथे सभासद जमून आपापसांत वाटप करतात. आज ज्याला मागणीचा अंदाज, मागण्यांचे एकत्रीकरण आणि एक थांबा अशी भारदस्त नावे देऊन व्यवस्थापनाच्या वर्गात शिकवले जाते, ते सगळे या कुटुंबांनी अ‍ॅप तर सोडाच, बहुतेक घरांत दूरध्वनीही नव्हते तेव्हापासून करून दाखवले. माल आगाऊ नोंदीवर घेतल्यामुळे पडून राहण्याचा प्रश्न नाही, एका थांब्यावर दहा-पंधरा घरांचे सामान उतरत असल्याने टेम्पोचा खर्च नगण्य आणि शेवटची पन्नास पावले सभासद स्वतः चालतात. त्यात कार्यकर्त्यांचे विनामोबदला श्रम आहेत, हे मान्य. नोकरी करणाऱ्या जोडप्यांना वाटपाच्या दिवशी हजर राहणे जमत नाही, हेही खरे. परंतु त्या व्यवस्थेचा गाभा, म्हणजे आधी नोंद आणि एकत्र उतरवणे, आजच्या गृहसंकुलात पूर्वीपेक्षा सोपा झाला आहे.

त्याचा हिशेब मांडून पाहू. एक छोटा हत्ती, चालक, मदतनीस आणि इंधन मिळून दिवसाला तीन हजार रुपये धरले. शहरभर विखुरलेल्या घरी माल द्यायचा, तर गल्ली शोधणे, गाडी लावायला जागा मिळवणे, सोसायटीच्या दारावर नोंद करणे, उद्वाहकाची वाट पाहणे आणि ग्राहक घरात नसल्यास फोन करत बसणे यात वेळ जातो आणि आठ तासांत पस्तीस घरांच्या वर होत नाहीत. म्हणजे घरामागे जवळपास शहाऐंशी रुपये. तेच टेम्पोने शेजारशेजारच्या तीन मोठ्या संकुलांत ठरलेल्या दिवशी जायचे ठरवले, तर दारोदार जाऊनही नव्वद घरे सहज होतात आणि खर्च तेहतीस रुपयांवर येतो. नाव लिहिलेले क्रेट सोसायटीच्या एका खोलीत उतरवून पुढे रहिवाशांनी न्यायचे असतील, तर दीडशे घरेही होतील आणि खर्च वीस रुपये. मागणी अडीच हजारांची असेल, तर हा खर्च तिच्या एक टक्क्याहूनही कमी झाला. तीनशेच्या पिशवीमागे चाळीस रुपये म्हणजे तेरा टक्के होतात. एवढी तफावत दुसऱ्या कोणत्याही उपायाने, ना यंत्रमानवाने ना विजेवरच्या दुचाकीने, मिळत नाही. आम्ही दुकानदारांना माल देताना प्रत्येक भागाचा बीट ठरवत असू. सोमवारी हडपसर, मंगळवारी कोंढवा, असे वेळापत्रक दुकानदाराला पाठ असे आणि तो त्या दिवसासाठी मागणी राखून ठेवी. वार मोडून अधेमधे माल मागणाऱ्याला स्वतः गोदामावर यावे लागे. घरगुती ग्राहकाच्या बाबतीत हे शिस्तीने होणार नाही, पण किमतीतल्या फरकाने होऊ शकेल.

अडचण अशी की हा फरक आज ग्राहकाला दाखवलाच जात नाही. बहुतेक अ‍ॅपवर झटपट माल मागवणारा आणि उद्या चालेल म्हणणारा यांना बहुधा सारखेच भाव पडतात. कित्येकदा तर उद्या चालेल असे सांगायची सोयच नसते. घरपोच सेवा ‘मोफत’ लिहिलेली असते आणि तिचा खर्च मालाच्या भावात, जाहिरातीच्या उत्पन्नात किंवा शेवटच्या पडद्यावर उगवणाऱ्या आकारणीत विरघळलेला असतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये ग्राहकाला फसवणाऱ्या १३ ऑनलाइन क्लृप्त्यांची यादी प्रसिद्ध केली असून, आधी कमी किंमत दाखवून पैसे भरताना आकारणी वाढवत नेणे ही त्यांतलीच एक आहे. परंतु ती मार्गदर्शक तत्त्वे दडवलेल्या आकारणीला आळा घालण्यासाठी आहेत. खर्चाची फोड दाखवण्याची सक्ती त्यांत नाही. ती पुढची पायरी आता घ्यायला हवी. बिलावर मालाची किंमत, माल काढण्याचा व बांधणीचा आकार आणि पोहोचवण्याचा आकार अशा तीन ओळी स्वतंत्र असाव्यात. पोहोचवण्याच्या आकाराशेजारीच ‘उद्या सकाळी घेतल्यास इतके’ आणि ‘तुमच्या संकुलाच्या ठरलेल्या दिवशी घेतल्यास इतके’ हे आकडे दिसावेत. कंपनीला सेवा मोफत द्यायची असेल, तर तिने तो आकार लिहून त्यावर सूट दाखवावी. सूट दिसली, तर ती कधी काढून घेतली हेही दिसेल.

यावर एक आक्षेप मला दिसतो आणि तो हलका नाही. मागण्या एकत्र झाल्या, फेऱ्या कमी झाल्या, तर दुचाकीवर पोट भरणाऱ्या हजारो मुलांचे काय? मराठवाडा-विदर्भातून पुण्यात आलेल्या कित्येक तरुणांना हे काम ओळखपाळख नसताना, दोन दिवसांत मिळते. त्यांचे काम कमी होईल हे मी नाकारत नाही, काहींचे होईलच. पण तीनशे रुपयांच्या पिशवीत सोळा रुपये घालून चालवलेला रोजगार हा गुंतवणूकदाराच्या संयमावर चालतो आणि तो संयम संपला, की एका सकाळी बंद होतो. बंगळुरूच्या डंझो या झटपट घरपोच सेवेच्या बाबतीत २०२५ च्या सुरुवातीला ते झाले. ज्या फेऱ्यांची खरी किंमत ग्राहक मोजतो त्याच फेऱ्यांतून मुलाला नीट पैसे आणि विमा देता येईल. टेम्पोवरही चालक आणि मदतनीस लागतातच, गोदामात माल निवडणारे आणि क्रेट लावणारे लागतात, आणि त्या कामात पावसात सिग्नल तोडावा लागत नाही.

राहिला गल्लीतला वाणी. तो वर्षानुवर्षे घरपोच माल देतो आहे आणि त्याला ते परवडते, कारण त्याचा परीघ दोन-तीनशे पावलांचा, गाळा बहुधा जुना किंवा स्वतःचा, आणि माल पोहोचवणारा मुलगा उरलेल्या वेळात दुकानात पुड्या बांधतो. रिकामा वेळ वाया न जाणे ही त्याची खरी मेख आहे. अ‍ॅपवाल्यांना ती अजून साधलेली नाही. २०२० मध्ये रिलायन्सच्या जिओमार्टने वाण्यांना सोबत घेण्याची घोषणा केली आणि त्यानंतर सरकारच्या पुढाकाराने ओएनडीसी हे ऑनलाइन खरेदी-विक्रीचे खुले जाळेही उभे राहिले. त्यातून वाण्याच्या पदरात अजून फारसे पडलेले दिसत नाही. त्याच्याकडे मालाची नोंद संगणकात नसते, हे त्याचे एक कारण. दुसरे असे की मोठ्या खरेदीदाराला कंपनी ज्या भावाने माल देते, तो भाव वितरकाकडून वाण्यापर्यंत पोहोचत नाही. पोहोचवण्याचा आकार मालाच्या भावात न लपवता उघडा मांडला गेला, तर निदान शेवटच्या टप्प्यात कोण स्वस्त आहे या बाबतीत त्याला बरोबरी करता येईल.

महापालिकांनीही थोडे लक्ष घालावे. निवासी इमारतीच्या तळमजल्यावर जे डार्क स्टोअर चालते, तिथे ग्राहक येत नाही आणि दिवसभर माल मात्र चढतो-उतरतो. त्याला दुकान म्हणायचे की गोदाम, हे ठरवून त्याप्रमाणे माल उतरवण्याची जागा आणि दुचाकी उभ्या करण्याची सोय बंधनकारक करावी. आज ती जागा पदपथावरून घेतली जाते, म्हणजे त्या खर्चाचाही एक भाग पायी चालणारे भरतात. नव्या संकुलांच्या आराखड्यात वाहनतळ, क्लबघर, व्यायामशाळा सगळे असते. माल उतरवून काही तास ठेवता येईल अशी एक कोरडी, कुलूपबंद खोली मात्र क्वचितच आढळते. बांधकाम परवानगी देताना अशा खोलीला चटईक्षेत्रातून सूट दिली, तर विकासक ती आनंदाने बांधतील.

जुन्या सोसायट्यांना त्यासाठी थांबायचे कारण नाही. रखवालदाराच्या खोलीशेजारची अडगळ काढली तरी चार रॅक बसतात. कार्यकारिणीने शंभर घरांची महिन्याची अंदाजे मागणी एकत्र करून दोन-तीन पुरवठादारांकडून, त्यात जवळचा वाणीही असावा, पोहोचवण्याच्या आकारासह लेखी दर मागवावेत. या उन्हाळ्यात वर्षाचे गहू-तांदूळ भरण्याच्या वेळी हा प्रयोग करून पाहणे सर्वांत सोपे, कारण तेव्हा माल जड, यादी ठरलेली आणि घाई कोणालाच नसते. ज्या सोसायट्या तो करतील, त्यांनी आपल्याला मिळालेले दर आपल्या दैनिकाकडे कळवावेत आणि आपण ते छापावेत, अशी विनंती आहे.

कळावे,

आपला,
वितरण व्यवसायातून निवृत्त झालेला एक वाचक, पुणे